दोन मैलांची घंटी

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. बेचाळीस वर्षं सांगितलंही नाही. अरुणानं मला मऊ फडक्यानं पुसता पुसता बजावलं होतं, "तू काही बोलू नकोस हं," आणि मी तिचा शब्द राखला. पण ज्यानं ही गोष्ट झाकली होती, त्यानंच गेल्या शनिवारी सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट किनाऱ्यावर, बाकावर बसून ती उघड केली. आता मी बोलले तर अरुणा रागावणार नाही, असं मला वाटतं. रागावलीच तर पुन्हा पुसेल.

मी सायकलची घंटी आहे. बोलणं हेच माझं काम, पण कुणाचा अंगठा पडल्याशिवाय बोलायचं नाही अशी आमच्यात रीत आहे. आज मी ती मोडतेय. आत्ता मी ऋताच्या दप्तरात, पाण्याची बाटली आणि डबा यांच्यामध्ये, एका पायमोज्यात गुंडाळलेली आहे. मोजा धुतलेला आहे.

आम्ही चांगीच्या धक्क्यावर आहोत. पुलाउ उबिन बेटावर जाणारी लाकडी बोट बारा माणसं झाल्याशिवाय सुटत नाही. ऋताच्या वर्गात एकोणचाळीस मुलं. तीन बोटी भरून गेल्या आणि तीन मुली मागे राहिल्या. ऋता चौदा वर्षांची आहे आणि रांगेत नेहमी शेवटी उभी राहते, त्यामुळे ती मागे राहिली. तिची मैत्रीण नुरुल तिच्यासाठी मागे राहिली. तिसरी मुलगी बाथरूमला गेली होती म्हणून राहिली. त्यांच्या बाई आणि त्या तिघी आता आणखी आठ प्रवाशांची वाट बघतायत. तेवढ्या वेळात माझं सांगून होईल.

माझा जन्म १९५१ चा, स्वीडनमधल्या एका लहान गावातल्या कारखान्यातला. पोलादी टोपी, वर निकेलचा मुलामा, पोटात दोन दातेरी चाकं आणि एक स्प्रिंग. टोपीवर जोडफुलांची नक्षी आहे. एका देठावर दोन फुलं, दोन्हींच्या माना खाली. ती फुलं तिकडच्या जंगलात सावलीत फुलतात. इतकी छोटी की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत, पण वास मात्र दहा पावलांवरून येतो. ही नक्षी माझ्यावर आहे याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

माझ्या पहिल्या मालकीण लिंडबाई. जंगलांच्या आणि तळ्यांच्या वेर्मलांड भागात त्या राहायच्या. नवरा वारलेला, मुलंबाळं नाहीत, एक काळी सायकल आणि तिच्या हँडलच्या डाव्या बाजूला मी. बाई बोलायच्या कमी आणि मला वाजवायच्या त्याहून कमी. बारा वर्षं अशी गेली. मी कंटाळले होते, खरं सांगते.

मग १९६३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर मिरजेचं एक जोडपं राहायला आलं. श्रीनिवास सत्तावीस वर्षांचा, कागदाच्या गिरणीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. अरुणा बावीस वर्षांची. आता ती ऋताची आजी आहे, पण मी तिला अरुणाच म्हणते. माझी ओळख तेव्हापासूनची आहे.

श्रीनिवास कॉलेजला असताना रोज सायकलनं मिरजेहून शेजारच्या शहरात जा-ये करायचा, आणि हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचाच. अरुणाला सायकल येत नव्हती. मुलींनी सायकल शिकू नये असं तिच्या घरी कुणी म्हणालं नव्हतं. कुणी शिकवली नव्हती, इतकंच.

जुलैत लिंडबाईंचा घोटा मुरगळला. सायकल अंगणात नुसती उभी. एका सकाळी त्यांनी काठीनं आधी सायकलकडे बोट दाखवल्यासारखं केलं, मग अरुणाकडे. अरुणानं साडी वर खोचली आणि बसली. चार पावलांत पडली. उठून बसली, पुन्हा पडली. लिंडबाई पायरीवर बसून ओरडल्या, "रेड? रिंग!"

अरुणाला वाटलं बाई इंग्रजी बोलतायत. सायकलवर लाल कडं कुठे आहे ते ती शोधायला लागली. काळ्या सायकलवर लाल काय सापडणार? शेवटी बाई लंगडत आल्या, स्वतःच्या छातीवर हात ठेवून घाबरल्याचं तोंड केलं, "रेड!" मग तिचा अंगठा धरून माझ्यावर दाबला. "रिंग!"

म्हणजे, घाबरलीस? मग वाजव.

यात गंमत अशी आहे. माणूस घाबरला की हँडल आवळून धरतो, खांदे ताठ होतात आणि सायकल कलंडते. पण मला वाजवायचं तर मूठ सैल करावी लागते. मूठ सैल झाली की खांदे सैल होतात आणि सायकल आपली आपण सरळ चालते. लिंडबाईंनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. बारा वर्षांत मला वाटलं होतं की त्यांचं माझ्याकडे लक्षच नाही.

त्या दिवसापासून माझं नशीब उघडलं. अरुणा सतत घाबरायची आणि सतत वाजवायची. वळण आलं की वाजवायची, उतार आला की वाजवायची, समोरून नुसतं झाड दिसलं तरी वाजवायची. कुरणातल्या गायी मान वर करून बघायच्या आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा हलायच्या. मला त्या माझ्या लांबच्या आत्या वाटायच्या. दुधाचे कॅन रस्त्याकडेच्या लाकडी ओट्यावर आणून ठेवणारी शेतकरी माणसं आवाजावरून ओळखायला लागली, की ती झाडांना घंटी वाजवणारी बाई आली. त्या काळी तिकडे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून जायची, त्यामुळे तेवढी एक भीती तरी तिला नव्हती.

आता ती दोन मैलांची गोष्ट.

ऑगस्टमधला रविवार होता. जंगलात निळी बोरं पिकली होती. तिकडे कुणाच्याही जंगलात जाऊन कुणीही बोरं खुडावी, कुणी हटकत नाही. लिंडबाईंनी सांगितलं की मोठ्या तळ्याकाठी सगळ्यात गोड मिळतात. श्रीनिवासनं विचारलं, किती लांब? बाई म्हणाल्या, "त्वो मील."

"मील म्हणजे मैल. हिंदीत नाही का?" श्रीनिवास खूश झाला. "दोनच मैल! जेवायच्या आत परत."

पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दोघं निघाली. त्याच्याकडे कारखान्यातल्या मित्राची सायकल, तिच्याकडे मी. अरुणाला सायकल यायला लागून तीन आठवडे झाले होते.

तासभर झाला तरी तळ्याचा पत्ता नाही. एका आजोबांना विचारलं. त्यांनी दीड मील अजून असं सांगितलं.

"तासाभरात अर्धाच मैल?" श्रीनिवास म्हणाला. "म्हातारा चुकतोय."

पुढे एका बाईला विचारलं. तिनं सांगितलं, एक मील राहिला. अरुणा थांबली. वाटेतल्या पाट्यांवरचे किलोमीटर तिनं मनात जुळवले आणि म्हणाली, "अहो, यांचा मैल दहा किलोमीटरचा दिसतोय."

"असं कुठे असतं का! मैल म्हणजे मैल."

"तुमचा कारखाना यांचा, पगार यांचा, मग मैलही यांचाच धरायला हवा ना?"

पुढच्याच चढावर श्रीनिवासच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि तो रस्त्याच्या कडेला बसला. तळं अजून सात किलोमीटर होतं. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत दुधाचे रिकामे कॅन. ट्रॅक्टरवाला तळ्याकडेच निघाला होता. त्यानं दोघांनाही बसा अशी खूण केली. श्रीनिवास सायकलसकट चढला.

अरुणा म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून."

"अगं, एकटी? भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही."

"घंटी आहे ना," अरुणा म्हणाली.

माझ्याबद्दल असं त्याआधी कुणी बोललं नव्हतं. नंतरही नाही.

ते सात किलोमीटर मी कधी विसरणार नाही. पांढऱ्या खोडांची झाडं, त्यांच्या मधून चकचकणारं पाणी, तांबड्या रंगाची लाकडी घरं आणि त्यांच्या पांढऱ्या चौकटी, मांडवावर वाळत घातलेलं गवत. खडीच्या रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आणि अरुणा वाजवत होती. सुरुवातीला भीतीनं वाजवत होती. मग मात्र मला कळलं की तिची मूठ कधीचीच सैल झाली आहे, आणि आता ती नुसतीच वाजवतेय. आनंदानं. शेवटच्या वळणावर तिनं मला इतकं वाजवलं की तळ्यावरची बदकं उडाली.

श्रीनिवास ट्रॉलीच्या काठावर पाय सोडून बसला होता. त्यानं तिला पाणी दिलं. पुऱ्या संपल्या, बोरं खाऊन दोघांच्या जिभा निळ्या झाल्या, आणि संध्याकाळी त्याच ट्रॅक्टरमध्ये दोन्ही सायकली चढवून दोघं परत आली. म्हणजे येताना अरुणाही ट्रॅक्टरमध्ये बसली होती. हे लक्षात ठेवा.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही तो सगळा मुलूख फिरलो. ऋताचे बाबा, प्रबोध, तिथेच जन्मले. दीड वर्षाचे असताना समोरच्या छोट्या खुर्चीत बसून मुठीनं माझ्यावर धपके मारायचे. १९६६ मध्ये परत निघताना सायकल लिंडबाईंना परत दिली. त्यांनी पाना आणला, मला खोलून काढलं आणि अरुणाच्या ओंजळीत ठेवलं. लिंडबाई नव्हत्याच बोलणाऱ्यातल्या.

पुण्यात आल्यावर पहिल्याच रविवारी नातेवाईक जमले. मी मधल्या टेबलावर होते. श्रीनिवासचे थोरले भाऊ रवींद्र मला उचलून म्हणाले, "श्री, तीन वर्षं परदेशात राहून आणलंस काय? एक घंटी?" सगळे हसले. श्रीनिवासचा चेहरा एवढासा झाला.

मग तो एकदम म्हणाला, "त्या घंटीची गोष्ट ऐकलीत तर हसायचं थांबाल." आणि त्यानं दोन मैलांची गोष्ट सांगितली. मीलची चूक, म्हातारे आजोबा, सगळं. छान सांगत होता. पण चढापाशी आल्यावर तो क्षणभर अडला, भावाकडे बघितलं आणि म्हणाला, "आणि मग काय, अरुणा बसली रडायला! तिला ट्रॅक्टरमध्ये घातलं, आणि मी पठ्ठ्या सायकल मारत तळ्यापर्यंत!"

अरुणा दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती हसली आणि चहा दिला. त्या संध्याकाळी तिनं मला पुसलं आणि बजावलं.

नंतरची वर्षं साधीच. वीज गेली की दाराची बेल वाजायची नाही, म्हणून अरुणानं मला दाराच्या चौकटीला पक्कं केलं. दूधवाला, पोस्टमन, प्रबोधचे मित्र, सगळे मला वाजवून आत यायचे. काम होतं, तक्रार नाही. पण दार कुठे जात नाही. मला रोज एकच जिना दिसायचा.

चार वर्षांपूर्वी मला चौकटीवरून काढून, सोबत घेऊन दोघं प्रबोधकडे सिंगापूरला राहायला आली. चोआ चू कांगला अकराव्या मजल्यावर फ्लॅट. प्रबोध पहाटे तुआसला कामाला जातात, सूनबाई अनघा बँकेत. गेल्या वर्षी श्रीनिवासच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि उठता येत नाही म्हणून त्यानं मला उशाशी घेतलं. एकदा वाजवलं की चहा, दोनदा वाजवलं की चष्मा. वेर्मलांडची मी, चहासाठी वाजत होते!

"आई, ती घंटी लपवा हो," अनघा एकदा म्हणाली. "मला ऑफिसमध्येसुद्धा ऐकू येते."

गुडघा बरा झाला, पण सवय राहिली. आणि ती गोष्टही राहिली. गणपतीला घरी लोक आले की श्रीनिवास मला हातात घेऊन सुरू करायचा. "अरुणा बसली रडायला!" म्हणताना तो मला जोरात वाजवायचा आणि सगळे हसायचे. ऋता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. ती अशीच दारात उभी राहते, अर्धी आत, अर्धी बाहेर.

तिला सायकल येत नाही. सात वर्षांची असताना प्रबोधनी खाली आणून शिकवायचा प्रयत्न केला, ती पडली, चार मुलं हसली, ती वर निघून आली. नंतर कुणी विषय काढला नाही.

अकरा दिवसांपूर्वी अरुणा भेंडी चिरत होती. ऋता येऊन शेजारी उभी राहिली.

"आजी, पोट दुखत असेल तर डॉक्टरला कसं कळतं?"

"का गं?"

"मीन्स, खोटं दुखत असेल तर कळतं का?"

अरुणानं विळी बाजूला ठेवली. "कधी दुखणार आहे तुझं पोट?"

"नेक्स्ट नेक्स्ट फ्रायडे."

मग सगळं बाहेर आलं. परीक्षा संपल्या म्हणून वर्ग पुलाउ उबिनला जाणार. तिथे दिवसभर सायकलवर. शाळेनं फॉर्म दिला होता, त्यात विचारलं होतं, सायकल येते का? नुरुल शेजारी बसून बघत होती. ऋतानं 'येते' वर खूण केली.

"आता काय करायचं?" ती म्हणाली. "नाही गेले तर खोटं. गेले तर सगळ्यांसमोर पडणार."

"मग शिकायचं. मी शिकवते."

"तू?" ऋता हसली. दुखवायचं म्हणून नव्हे, पण हसली. "आजी, तू तर दोन मैलांत रडलीस लाह. आजोबा सांगतात ना." इथे सगळेच वाक्याला असं 'लाह'चं शेपूट लावतात.

"हं," अरुणा म्हणाली. "सांगतात खरं." आणि पुन्हा भेंडी चिरायला घेतली.

मी हॉलमध्ये श्रीनिवासच्या टेबलावर होते. तो पेपर वाचत होता. बराच वेळ पेपरचं पान उलटलं नाही.

शनिवारी तिघं ईस्ट कोस्टला गेली. भाड्याच्या सायकलींच्या दुकानातल्या अंकलनी जांभळी सायकल दिली. तिची स्वतःची घंटी म्हणजे नुसतं झाकण. अरुणानं पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मला तिच्या जागी बसवायला लागली.

"आंटी, नो नीड बेल," अंकल म्हणाले. "जस्ट शाउट, लाह."

"आय डोन्ट शाउट," अरुणा म्हणाली. "आय रिंग."

बेचाळीस वर्षांनी मी हँडलवर चढले. समोर समुद्र, उभी जहाजं, पायाखाली गुळगुळीत रस्ता. माझी स्प्रिंग थरथरत होती. श्रीनिवास बाकावर बसला, पिशवीतली कोपी, म्हणजे इकडची कॉफी, स्ट्रॉनं पीत.

अरुणानं सीट धरली. "भीती वाटली की ब्रेक नाही दाबायचा. घंटी. रेड? रिंग!"

ऋता निघाली. तिची बोटं माझ्याजवळ होती, पांढरी पडलेली. समोरून माणसं आली. मी वाट बघितली. तिनं वाजवलं नाही. हँडल आवळलं आणि पडली.

"वाजव ना!"

"आजी, पीपल आर लुकिंग!"

"बघू देत. बघतील आणि बाजूला होतील. त्यासाठीच घंटी असते."

दुसऱ्यांदाही वाजवलं नाही. पडली. तिसऱ्यांदा तिला मागे टाकून एक चार वर्षांची मुलगी आधाराच्या चाकांवर टणटणत निघून गेली. ऋता गवतावर बसली. कोपर खरचटलं होतं, पण ती कोपराकडे बघत नव्हती. रस्त्यावरची माणसं तिच्याकडे बघतायत का, ते बघत होती.

"मी आजीसारखीच आहे," ती म्हणाली. "मला पण ट्रॅक्टरच पाहिजे."

श्रीनिवासनं कोपीची पिशवी बाकाच्या हाताला लटकवली.

"ऋता, ट्रॅक्टरमध्ये मी बसलो होतो."

"हो, येताना. दोघं."

"येताना दोघं. जाताना मी एकटा."

"अहो, असू दे," अरुणा म्हणाली.

"असू दे काय? बेचाळीस वर्षं असू देतेयस." तो ऋताकडे वळला. त्याचा आवाज गोष्ट सांगतानाचा नव्हता. "माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. मिरजेहून रोज जा-ये करणारा मी! आणि ही, तीन आठवड्यांपूर्वी शिकलेली, पाचवारी खोचून म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. मी ट्रॉलीत कॅनांमध्ये बसून राहिलो. रस्त्यावर कुणी दिसेना. मला वाटलं, ही कुठेतरी पडली असणार. मग शेवटच्या वळणामागून घंटी ऐकू आली. रडलो मी होतो, ऋता. ही नाही."

समोरून सायकली जात होत्या. तिघांपैकी कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

"देन व्हाय," ऋतानं विचारलं, "तुम्ही नेहमी तसं का सांगता?"

"एकदा भावासमोर तोंडातून गेलं. हिनं मला खोटं पाडलं नाही. मग लोक हसायला लागले, आणि मला ते हसणं आवडायला लागलं."

ऋता अरुणाकडे वळली. "आजी, तू का नाही सांगितलंस? एव्हरीवन थिंक्स तू रडलीस!"

"मला माहीत होतं ना," अरुणा म्हणाली आणि माझ्या टोपीवरची वाळू पदरानं झटकली. "हिला माहीत होतं. बास झालं की."

ऋता किती तरी वेळ माझ्याकडे बघत होती. तशी ती नेहमीच बारीक बघते, पण त्या दिवशी तिनं जोडफुलं बघितली. मग उठली. गवत झटकलं. सायकल उभी केली.

अरुणानं सीट धरली आणि काही न सांगता सोडून दिली. समोरून एक मोठं कुटुंब सगळा रस्ता अडवून येत होतं. ऋताची बोटं आवळली. मी श्वास रोखला असता, मला असता तर. आणि अंगठा हलला. इतका हळू की माझा आवाज खोकल्यासारखा निघाला. पण मूठ सैल झाली होती. कुटुंब बाजूला झालं. कुणी हसलं नाही, कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

"वाजव!" मागून दोन म्हातारे आवाज एकदम आले.

आणि तिनं वाजवलं.

रविवारी आम्ही पुन्हा गेलो. परत आल्यावर प्रबोधनी विचारलं, "किती चालवलीस?"

"एक मैल," ऋता म्हणाली.

"एवढंच?"

"बाबा, आजीचा मैल," ती म्हणाली. प्रबोध हसायला लागले. मग त्यांनी तिचा हात धरून तळव्यावरचे फोड बघितले.

त्या दिवसापासून श्रीनिवासनं मला चहासाठी वाजवलं नाही. तो आता हाक मारतो. अनघा म्हणते, यापेक्षा घंटी बरी होती. आणि काल प्रबोधचे मित्र सुबोधकाका घरच्यांना घेऊन जेवायला आले, तेव्हा त्यानं दोन मैलांची गोष्ट पुन्हा सांगितली, खरी. लोक हसले ते आधीच्याच ठिकाणी, 'मील म्हणजे मैल'ला. चढापाशी मात्र सगळे गप्प झाले आणि अरुणाकडे बघायला लागले. ती लाजली आणि भाजी वाढायला उठली. जाता जाता टेबलावरून मला उचलून तिनं पदराला पुसलं. पुसायची गरज नव्हती.

थांबा, बोट हलली. बारा माणसं झाली. ऋताचं दप्तर मांडीवर आहे आणि मी आत आहे ना, ते ती सारखी बाहेरून चाचपून बघतेय. आज सकाळी निघताना अरुणा तिला म्हणाली, "लाज वाटली तर नको वाजवूस. फक्त हँडल आवळू नकोस." ऋता नुसती मान हलवून लिफ्टकडे गेली होती.

पोचलो. धक्क्यापाशी सायकलींची दुकानं, जुनी लाकडी घरं, नारळ, आणि एक अरुंद रस्ता वर चढत जंगलात वळतो. मला उन्हाचा आणि ओल्या पानांचा वास येतोय. इथे पांढऱ्या खोडांची झाडं नाहीत, पण रस्ता मला ओळखीचा वाटतो. असं वळण मी आधी बघितलंय.

छत्तीस मुलं हेल्मेट घालून वाट बघत उभी आहेत. सगळी बघतायत, की मागे राहिलेल्या तिघी कधी येतात. ऋतानं हिरवी सायकल घेतली, दप्तर उघडलं, मोज्यातून मला काढलं. बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर, चार फेरे, डाव्या बाजूला मी पक्की.

"व्हॉट्स दॅट?" नुरुलनं विचारलं.

"माझ्या आजीची घंटी," ऋता म्हणाली. आणि मग, इतक्या हळू की फक्त मला ऐकू यावं, "ती वीस किलोमीटर गेली होती."

आम्ही निघालो आहोत. चढ संपला. वळण येतंय, वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि मागून सगळा वर्ग येतोय. ऋताची बोटं पांढरी झालेली मला दिसतायत. तिनं आज मला वाजवलं नाही तरी मी रागावणार नाही. मी स्वीडन बघितलं, बदकं उडवली, एका माणसाचं रडणं बेचाळीस वर्षं पोटात ठेवलं. एका घंटीच्या आयुष्याला एवढं पुष्कळ झालं. तुमच्याही घरात एखादी जुनी घंटी कुठल्या खणात पडली असेल, तर तिला एकदा कुठल्यातरी हँडलवर बसवा, कारण आम्हाला आणखी काही नको असतं, आम्हाला फक्त

"ऋता! समवन कमिंग, लाह!"

ट्रिंग! ट्रिंग! ट्रिंग!